एकच बाई पाच कागदांवर पाच नावांनी : ऑनलाइन सेवा असूनही रांग का लागते

तुमचा प्रश्न असा आहे की सरकारच्या एवढ्या सेवा ऑनलाइन झाल्या, खेड्यातसुद्धा घरोघर स्मार्टफोन आहेत, डेटा स्वस्त आहे, तरी सेवा केंद्रापुढची रांग का हटत नाही, आणि लोकांना डिजिटल ज्ञान कमी आहे हेच याचं कारण का. मी बीड जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात २०११ पासून हे काम करतेय, आधी ग्रामपंचायतीच्या संग्राम केंद्रात डाटा एन्ट्रीला होते, नंतर स्वतःचं आपले सरकार सेवा केंद्र घेतलं. त्यामुळं जे सांगतेय ते खुर्चीत बसून रोज बघितलेलं आहे.

ज्ञान कमी हे कारण आहे, पण ते छोटं आहे. माझ्याकडं येणारी पोरं फोनवर सगळं करतात, यूपीआयनं पैसे पाठवतात, गाड्या विकतात, तिकिटं काढतात. त्यांना बटण कुठं दाबायचं ते शिकवावं लागत नाही. तरी तीच पोरं आईचा नाहीतर आजीचा कागद घेऊन माझ्यापुढं बसतात, कारण अर्ज भरता येतो पण पुढं सरकत नाही. आणि तो सरकत नाही कारण सरकारच्या पाच दप्तरांत ती आजी पाच वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली आहे, आणि ती पाच नावं एक करायचं काम सरकारनं स्वतः केलं नाही, तिच्यावर टाकलं. माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण हीच.

नीट सांगते. आमच्याकडं बाईचं नाव माहेरी एक, सासरी एक. काहींचं लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतं. सातबारावर सासऱ्यानं किंवा नवऱ्यानं लावलेलं नाव, तेही नुसतं मराठीत. रेशनकार्डावर पुरवठा खात्यातल्या कुणीतरी हातानं लिहिलेलं. मतदार यादीत वेगळं. आधार काढताना ऑपरेटरनं जसं ऐकलं तसं इंग्रजीत टाइप केलं आणि मराठी सॉफ्टवेअरनं आपोआप उतरवलं, त्यात काना-वेलांटी हरवली. बँकेत फक्त इंग्रजी. लक्ष्मीबाई हे नाव घ्या, कुठं त्यात एक्स असतो, कुठं के-एस-एच, कुठं बाई जोडून, कुठं तोडून, कुठं बाई नाहीच. माणसानं बघितलं तर पटकन कळतं की ही एकच बाई आहे. तलाठ्याला कळायचं, पोस्टमनला कळायचं. कॉम्प्युटरला अक्षर न अक्षर जुळायला लागतं, नाही जुळलं की लाल अक्षरात मेसेज येतो आणि तोही बऱ्याचदा इंग्रजीत.

मग दुरुस्ती करायची म्हटलं तर आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. जुन्या माणसांची जन्मतारीख तर कितीतरी जणांची १ जानेवारी आहे, कारण वय अंदाजानं सांगितलं की सिस्टीम तीच तारीख घ्यायची. घाईत कुणीतरी चुकीची दुरुस्ती केली की ती संधी गेली, पुढं वरच्या ऑफिसात दाद मागायची. म्हणून मी लोकांना सांगते की आधारला हात लावायच्या आधी सगळे कागद माझ्या टेबलावर ठेवा, आपण ठरवू कुठलं नाव खरं धरायचं, मग बाकीचे त्याप्रमाणे करू. हे ठरवायलाच एक-एक तास जातो आणि या कामाची कुठल्याही पोर्टलवर फी नाही.

जमिनीचं तर अजून अवघड. सातबाऱ्यावर अजून ए.कु.मॅ. लिहिलेल्या नोंदी सापडतात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, थोरल्या भावाच्या नावानं सगळी जमीन. तो भाऊ वारलाय, वारस लागलेले नाहीत, तीन घरं ती जमीन कसतात. आता शेतकऱ्याचा ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी आला, पीएम किसान आलं, दोन्ही ठिकाणी स्वतःच्या नावावर जमीन लागते. तिथं सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, पण पन्नास वर्षं न लागलेल्या वारसनोंदी एका ऑनलाइन फॉर्मपाशी येऊन अडकतात आणि लोकांना वाटतं फॉर्मच खराब आहे. काही ठिकाणी सातबारा संगणकावर चढवतानाच चुका झाल्या, क्षेत्र बदललं, नावातलं अक्षर गेलं. अशी हस्तदोषाची चूक दुरुस्त करायला शेतकऱ्यानंच तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली अर्ज करायचा, जुन्या हस्तलिखिताची नक्कल काढायची, फेऱ्या मारायच्या. चूक टायपिंगची, टाइप करणारा सरकारचा, आणि फेऱ्या शेतकऱ्याच्या. मला हे कधीच पटलेलं नाही.

एका मावशींची गोष्ट सांगते, म्हणजे सगळं एकत्र कसं येतं ते दिसेल. साठीच्या आसपासच्या आहेत, विधवा, आयुष्यभर ऊसतोड केली. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला पैसे मिळायचे, २०२३ पासून ते १५०० झाले. मागं हे अनुदान तहसीलमधून बँकेच्या यादीनं यायचं, मग सरकारनं ते डीबीटीनं, म्हणजे थेट आधारला जोडलेल्या खात्यावर टाकायला सुरू केलं, आणि मावशींचे पैसे बंद झाले. बँकेत गेल्या, तिथले म्हणाले तहसीलला विचारा. तहसीलला गेल्या, तिथले म्हणाले आमच्याकडून गेलेत, बँकेला विचारा. चार महिने त्या एसटीनं अशा हिंडल्या. माझ्याकडं आल्या तेव्हा मी आधार कुठल्या बँकेला सीड आहे, म्हणजे पैसे यायला जोडलेलं आहे, ते बघितलं, तर ते भलत्याच खात्याला होतं. खोदून विचारल्यावर आठवलं, कारखान्यावर असताना कुणीतरी मंडपात बसून खाती उघडून देत होते, अंगठा घेतला होता, पासबुक नव्हतं, कार्ड होतं ते कुठं गेलं माहीत नाही. डीबीटीचा नियम असा की आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं जातं तिथं पैसे जातात, तुमचं वर्षानुवर्षं वापरातलं खातं कुठलंही असो. म्हणजे पैसे सरकारनं पाठवले होते, कागदोपत्री सगळं बरोबर होतं, मावशींच्या हातात मात्र काही नव्हतं.

आता ते सीडिंग बदलायचं तर बँकेत फॉर्म आणि अंगठा. कोयता धरून, राखेत भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या. मशीन अंगठा घेईना. दहा बोटं झाली. मग ओटीपीनं करू म्हटलं तर आधारला जोडलेला नंबर ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या पोराचा निघाला, कारण आधार काढताना यांच्याकडं फोनच नव्हता. मोबाईल नंबर बदलायला आधार केंद्र. २०१७ नंतर खासगी जागेतली आधार केंद्रं सरकारी ऑफिस, बँक, पोस्ट अशा ठिकाणी हलवली, गैरप्रकार रोखायला ते बरोबरच होतं, पण गावात मिळणारी सोय तालुक्याला गेली. एका दीड हजारासाठी ही बाई किती वेळा एसटीत चढली असेल आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली असेल, याचा हिशोब कुठल्याच डॅशबोर्डवर येत नाही.

(कुणाला उपयोग व्हावा म्हणून सांगते, नुसता मोबाईल नंबर बदलायचा असेल तर पोस्टाच्या पेमेंट बँकेचा पोस्टमन घरी येऊन करून देतो, २०२१ पासून ही सेवा आहे. पोस्टात चौकशी करा, फार लोकांना माहीत नाही.)

ओटीपीबद्दल अजून एक. बायकांच्या बाबतीत फोन घरात एकच असतो आणि तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. बाई माझ्यापुढं बसलेली, ओटीपी गेलाय शेतात नाहीतर पुण्याला. दहा मिनिटांत ओटीपी संपतो. म्हणजे तिचा स्वतःचा अर्ज तिला दुसऱ्याला विचारल्याशिवाय भरता येत नाही, पूर्वी तहसीलला जाऊन अंगठा देऊन यायची ते निदान तिचं तिला करता यायचं. २०२५ ला लाडकी बहीणची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी आली तेव्हा नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाईलवर ओटीपी मागितला. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत त्या बायका माझ्या केंद्रात बसून रडल्या आहेत. पुढं त्यांच्यासाठी वेगळी सोय केली, कागदपत्रं देऊन मार्ग काढला, पण फॉर्म बनवताना खोलीत एकजण जरी विधवा किंवा सोडून दिलेली बाई असती तर हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

आणि मुदती. आमच्या भागातली माणसं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळीनं कारखान्यांना जातात, कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात, आणि परततात मार्च-एप्रिलला. केवायसीची शेवटची तारीख डिसेंबरात आली की ती फडात असतात. तिथं ना केंद्र ना फोनला चार्ज. रेशनला पोर्टेबिलिटी आली हे चांगलं झालं, दुसऱ्या गावी धान्य उचलता येतं, पण दाखले आणि केवायसी अजून तुमच्या पत्त्यालाच बांधलेली.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण यातून मार्ग आहे आणि तो आपण स्वतः बघितलेला आहे. दोन कर्जमाफ्या शेजारी ठेवून बघा.

२०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. दीड लाखापर्यंतची माफी, आणि शेतकऱ्यानं स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा. नवरा-बायको दोघांचं आधार, कुटुंबाची माहिती, बँक, शाखा, कर्जखातं, थकबाकी सगळं त्यानंच सांगायचं. आता मला सांगा, सोसायटीचं कर्ज किती थकलंय हे शेतकऱ्याला नीट माहीत असतं की बँकेला? आम्ही त्या पावसाळ्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत केंद्र उघडं ठेवलं, कारण दिवसा सर्व्हर चालायचा नाही, माणसं पोत्यावर झोपून नंबर धरायची. घाईत आकडे चुकले, खातं नंबर चुकले, माझ्याकडूनही चुकले असतील. दिवाळीला ऑक्टोबरात वाटप सुरू केलं आणि लगेच लक्षात आलं की बँकांचा डेटा आणि अर्जांचा डेटा जुळत नाही, मग ग्रीन लिस्ट, म्हणजे डेटा जुळलेल्यांच्या याद्या, वगैरे किती महिने चाललं ते सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर डिसेंबर २०१९ ला महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, दोन लाखापर्यंतची. यावेळी शेतकऱ्याकडून अर्जच घेतला नाही. बँकांनी स्वतःकडचा डेटा चढवला, फेब्रुवारी २०२० पासून गावोगाव याद्या लागल्या, प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्यानं तो नंबर आणि आधार घेऊन केंद्रात यायचं, स्क्रीनवर रक्कम बघायची, बरोबर असेल तर अंगठा द्यायचा, चूक वाटली तर तक्रार नोंदवायची, ती जिल्हा समितीकडं जायची. एका माणसाला पाच मिनिटं लागायची. तेच गाव, तेच नेट, तीच अडाणी म्हणवली जाणारी माणसं, तीच मी. फक्त डेटा कुणी द्यायचा हे बदललं. पुढच्याच महिन्यात कोरोना आला आणि काम थांबलं ती गोष्ट वेगळी. पण त्या काही आठवड्यांत मला पहिल्यांदा वाटलं की हे असं असायला पाहिजे.

लाडकी बहीणच्या सुरवातीलासुद्धा हेच बघितलं. जुलै २०२४ चा पहिला आठवडा, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल पाहिजे म्हणून तहसीलला आणि आमच्याकडं अशी गर्दी की दार लावावं लागलं. मग सरकारनं सांगितलं पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, आणि डोमिसाइलऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला यातलं काहीही चालेल. दोन दिवसांत गर्दी ओसरली. कुणी कुणाला साक्षर केलं नव्हतं. जे कागद सरकारनंच आधी दिलेत ते सरकारनंच मान्य केले, एवढंच झालं.

ऑफिसच्या आतली बाजू थोडक्यात सांगते कारण त्यावर बरेच जण बोलतात. अर्ज ऑनलाइन होतो पण आत तो तसाच टेबलावरून टेबलावर जातो, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार. साहेबांची बदली झाली, डिजिटल सहीचा डोंगल रिन्यू झाला नाही, निवडणुकीची ड्युटी लागली की शेकडो अर्ज एका टप्प्यावर थांबतात. फोटो ५ ते २० केबीमध्ये बसवायचा, कागदाचं पीडीएफ दाबून दाबून लहान करायचं, आणि मग त्रुटी येते की कागद अस्पष्ट आहे. बारावीचा निकाल लागला की उत्पन्न, जात, नॉन क्रिमिलेयर सगळं एकदम येतं, दरवर्षी येतं, तारखा सगळ्यांना ठाऊक असतात, तरी दरवर्षी सर्व्हर त्याच आठवड्यात बसतो. पोरांचा प्रवेश जातो हो यात. मी मार्चपासूनच आईबापांना फोन करून दाखले काढून घ्या म्हणते.

दुसरं म्हणजे एका खात्यानं डिजिटल दिलेलं दुसरं खातं मानत नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात मिळतो, तलाठ्याच्या सहीची गरज नाही असं त्यावरच छापलेलं असतं, तरी एका बँकेतून शेतकऱ्याला परत पाठवलं, शिक्का मारून आणा म्हणून. डिजिलॉकरमधला कागद मूळ कागदाइतकाच धरायचा हा नियम आहे, तरी झेरॉक्स मागतातच. २०१५ ला शासन निर्णय निघाला की बहुतेक कामांना प्रतिज्ञापत्र नको, स्वयंघोषणापत्र पुरे. त्याला इतकी वर्षं झाली, अजून लोक स्टॅम्प पेपर शोधत फिरतात.

पण सगळं वाईट चाललंय असंही मी म्हणणार नाही. सातबारासाठी तलाठ्याच्या मागं हिंडायचे दिवस मी बघितलेत, ते गेले, ही फार मोठी गोष्ट आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानंच मोबाईलवर पिकाची नोंद करायची पद्धत, १५ ऑगस्ट २०२१ ला आली तेव्हा मीही कुरकुर केली, कारण म्हाताऱ्या शेतकऱ्यानं गटात उभं राहून फोटो काढायचा, लोकेशन लागत नाही, ॲप अडकतं. पण त्याआधी चावडीत बसून पिकं लिहिली जायची आणि शेतात कापूस असताना कागदावर सोयाबीन निघायचं, हेही खरं. आता शेतकरी स्वतः सांगतो माझ्या शेतात काय आहे. आमच्या गावात बारावीच्या चार पोरांनी मिळून वस्त्यांवर जाऊन सगळ्यांची पाहणी करून दिली, तेव्हा ते जमलं. म्हणजे माणूस मधे लागतोच, आणि त्याला त्याचे पैसे द्यायला पाहिजेत.

हा मुद्दा आमच्या लोकांना आवडणार नाही पण बोलते. उत्पन्नाच्या दाखल्याची फी कितीतरी वर्षं ३३ रुपये ६० पैसे होती आणि त्यातला काहीच भाग केंद्राला मिळायचा, त्यात लाईट, नेट, प्रिंटर, भाडं. यातून काहींनी ३०० आणि ५०० घ्यायला सुरवात केली. गरिबाच्या अडचणीवर ते कमावतात आणि मला त्याची चीड येते. अंगठा लावून घेऊन खात्यातनं पैसे काढल्याचे प्रकारही झालेत. दरपत्रक भिंतीवर नसेल तिथं जाऊ नका, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. पण ऑपरेटरला प्रामाणिक राहून जगता येईल एवढं मानधन ठेवलं नाही तर नुसत्या कारवाईनं हे थांबणार नाही.

पावतीचं का सांगते, तर महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, ती टळली तर पहिलं अपील, दुसरं अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्यांकडं आणि तिसरं आयोगाकडं. अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. आपले सरकार पोर्टलवरूनच अपील करता येतं. मी आतापर्यंत बऱ्याच जणांची केली, आणि माझा अनुभव असा की कितीतरी वेळा अपील नोंदवल्यावर आठवड्यात दाखला येतो. पण त्याला अर्जाचा नंबर लागतो, आणि हातातला अर्ज टपालात टाकून आलेल्या माणसाकडं तो नसतो.

तुम्ही धोरणाचं काम करता असं लिहिलंय, तर माझी मागणी एकच मोठी आहे. जो कागद सरकारच्या कुठल्याही खात्यानं दिलाय तो पुन्हा माणसाकडून मागू नका. नाव जुळत नसेल तर लाल मेसेज देऊन सोडू नका, गावात ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडी ताई, आशा ताई यातल्या दोघांनी ही तीच बाई आहे असं सही करून सांगितलं की ते पाचही दप्तरांनी मानायचं, अशी काहीतरी सोय करा. या बायका कोण आहेत हे गावाला माहीत आहे. आणि अंगठा नाही आला, ओटीपी नाही आला तर पुढं काय करायचं हे प्रत्येक योजनेच्या पहिल्याच दिवशी मराठीत लिहिलेलं असू द्या, सहा महिन्यांनी परिपत्रक काढून नको.

त्या मावशींचं शेवटी डोळे स्कॅन करून झालं, तालुक्याच्या एका शाखेत ते मशीन होतं, मी त्यांना गाडीवर घेऊन गेले होते. नंबर आता त्यांच्या नातीचा जोडलाय, नात गावातच असते. सीडिंग जुन्या खात्याला आलं आणि गेल्या दोन महिन्यांचे पैसे पडले. मधले चार महिने मात्र त्या हरवलेल्या खात्यातच आहेत, ते खातं बंद करून पैसे काढायचा अर्ज दिलाय, त्याचा नंबर माझ्या वहीत आहे, सोमवारी परत जातोय आम्ही.